डोळ्यांत सलणारे सुख

कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्या पुरुषाकडे लोक ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेलाच एखादी चांगली लेन्स बसवून द्यावी असे मला पुष्कळदा वाटते. बाईमाणसाने लावली तर एक वेळ चालते. कॉलेजातल्या पोराने लावली तरी "वयच आहे" म्हणून लोक सोडून देतात. पण माझ्यासारख्या टक्कल पडलेल्या, साठीकडे झुकलेल्या, बँकेत जन्मभर दुसऱ्यांचे पैसे मोजून दमलेल्या गृहस्थाने लावली म्हणजे मंडळी आधी माझ्या डोळ्यांकडे पाहतात, मग टकलाकडे पाहतात, आणि चष्मा टाकून या माणसाने नेमके काय साधले, असा एक मुका प्रश्न हवेत तरंगत राहतो. एका लग्नात तर एका दूरच्या आत्याबाईंनी तो मुकाही ठेवला नाही. "अरे, आता कोणाला दाखवायचंय?" असे त्या जिलबीचा तुकडा मोडता मोडता म्हणाल्या.

दाखवायचे कोणालाच नव्हते हो. मला पाहायचे होते.

दाखवणे आणि पाहणे यांतला हा फरक लोकांना समजावून सांगण्यात माझी जवळजवळ चाळीस वर्षे गेली. आता दिवाळीच्या निमित्ताने, फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेल्या सगळ्याच वाचकांना एकदा काय ते सांगून टाकतो, म्हणजे पुढल्या लग्नसराईत मला जिलबी निवांतपणे खाता येईल.

लेन्सवाल्यांत दोन पंथ आहेत, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. एक मऊ पंथ आणि एक कडक पंथ. मऊ पंथाची लेन्स दुधावरच्या सायीसारखी लवलवीत असते. ती बुबुळापेक्षाही मोठी असते, डोळ्यांत टाकली की पाच मिनिटांत तिचा विसर पडतो, आणि हल्लीच्या तऱ्हेत तर सकाळी लावली ती रात्री केराच्या टोपलीत टाकून देतात. आमच्या कडक पंथाची लेन्स म्हणजे सदऱ्याच्या बटणापेक्षाही लहान, जेमतेम नऊ मिलिमीटर रुंदीची एक टणक टिकली. ती बोटावर वाजवली तर वाजते. ती डोळ्यांत असल्याचा विसर पडतो, पण तो पडायला आधी आठवडे जावे लागतात. ती फेकून द्यायची नसते. तळहातावर घेऊन चोळायची, धुवायची, डबीत झोपवायची, आणि वर्ष दोन वर्षे जिवापाड सांभाळायची. मऊ पंथाचे लोक आमच्याकडे जुन्या कर्मठ भिक्षुकाकडे पाहावे तसे पाहतात. "मऊ का नाही हो लावत तुम्ही?" असे विचारतात. आमची सगळी कथा याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

त्याचे असे झाले. १९८४ च्या सुमारास, मी सोळा वर्षांचा असताना, माझ्या चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी उड्या मारू लागला. आम्ही तेव्हा गिरगावात चाळीत राहत होतो. नंबर वाढला म्हणजे पोराने पुस्तकात डोके खुपसले असले पाहिजे, असा वडिलांचा समज. आणि पोराच्या पोटात पालेभाजी जात नाही, असा आईचा. मग काय विचारता! गाजरे झाली, त्रिफळ्याचे पाणी झाले, पहाटे उठून अनवाणी दवावर चालणे झाले. गिरगावात दव पडलेले गवत शोधत हिंडणे हाच एक मोठा व्यायाम होता. नवा चष्मा आला की आठवडाभर बरे वाटे, आणि पुन्हा फळ्यावरची अक्षरे पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखी फुटू लागत.

त्या वर्षीची कोजागिरी मला पक्की आठवते. चाळीच्या गच्चीवर आटीव दुधाचे पातेले, सगळी बिऱ्हाडे गोळा झालेली, आणि कोणीतरी म्हणाले, "काय सुंदर चंद्र आहे!" मी वर पाहिले. मला पाच-सहा चंद्र दिसले, एकाखाली एक, उतरंड लावल्यासारखे, आणि शेवटचा तर ओघळून खाली आलेला. मी खरे ते बोललो. शेजारच्या काकांनी माझ्या हातातला पेला घेऊन हुंगून पाहिला.

दोन वर्षे अशी गेल्यावर कोणीतरी एका वृद्ध नेत्रतज्ज्ञांचे नाव सुचवले. त्यांनी माझ्या डोळ्यांत निरनिराळे दिवे पाडून पाहिले. मग काळी-पांढरी वर्तुळे काढलेली एक थाळी डोळ्यांपुढे धरली आणि मधल्या भोकातून बराच वेळ पाहत राहिले. निरोगी डोळ्यांत त्या वर्तुळांचे प्रतिबिंब गोल दिसते. माझ्या डोळ्यांत ती वर्तुळे वेडीवाकडी, खाली ओघळलेली दिसत होती. डॉक्टरांनी वडिलांना जवळ बोलावले, आणि त्यांनी जे सांगितले ते मला अजून शब्दन् शब्द आठवते.

"बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो ना, त्याला आम्ही कॉर्निया म्हणतो. तो घुमटासारखा गोल हवा. तुमच्या मुलाचा मध्ये पातळ होऊन पुढे यायला लागलाय. घुमटाचा कळस व्हायला लागलाय म्हणा. केराटोकोनस म्हणतात याला."

घरी आल्यावर आजीने एवढा मोठा शब्द दोनदा ऐकून घेतला आणि त्यातला आपल्या उपयोगाचा भाग उचलला. "केर! मी पहिल्यापासून सांगत होते, पोराच्या डोळ्यात केर गेलाय."

वडिलांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता: "आंधळा होईल का?" डॉक्टर म्हणाले, पूर्ण आंधळा असा होणार नाही. पण चष्म्याने यापुढे भागणार नाही, आणि कळस फारच वाढला तर दुसऱ्याचे बुबुळ बसवावे लागेल. त्यांनी आईला विचारले, "हा डोळे चोळतो का हो?" आई म्हणाली, "लहानपणापासून. उन्हाळ्यात डोळ्यांना खाज सुटते त्याच्या. मुठी वळून चोळत बसतो." डॉक्टरांनी नुसती मान हलवली. डोळे चोळण्याचा आणि या दुखण्याचा फार जवळचा संबंध आहे, हे आज कोणीही नेत्रतज्ज्ञ पहिल्या भेटीतच सांगतो.

चष्म्याने का भागत नाही, हे मला समजायला वेळ लागला. डोळ्यांचा बाक सगळीकडे सारखाच चुकलेला असला, तर चष्म्याची काच ती चूक भरून काढते. पण ज्या पडद्यावर इथे उंचवटा, तिथे खळगा, अशी अवस्था आहे, त्याला समोर टांगलेली काच काय करणार? आणि मऊ लेन्सही काय करणार? ओले फडके दगडावर टाकले तर ते दगडाचाच आकार घेते. मऊ लेन्स तशीच कॉर्नियावर निजते आणि त्याच्यासारखीच वेडीवाकडी होते. तिच्या स्वभावातच विरोध नाही. कडक लेन्स मात्र वाकत नाही. ती आपला गोल बाक सोडत नाही, आणि तिच्या व कॉर्नियाच्या मधल्या फटीत डोळ्यांतले पाणी जाऊन बसते.

हे डॉक्टरांनी मला ज्या उपमेने समजावले, ती उपमा मुंबईच्या माणसालाच सुचावी. ते म्हणाले, "पावसाळ्यात रस्त्यावरच्या खड्ड्यांत पाणी साचलं की रस्ता कसा दिसतो? सपाट, आरशासारखा. होय की नाही? खड्डे असतातच, पण प्रकाशाला ते दिसत नाहीत. तुझ्या डोळ्यात आपण तेच करणार आहोत." प्रकाशाला वाकवण्याच्या बाबतीत अश्रू आणि कॉर्निया यांच्यात फारसा फरक नसतो; म्हणून अश्रूंनी खळगे भरले की ते नाहीसे झाल्यासारखेच होतात, आणि लेन्सची पुढची गुळगुळीत बाजू हाच डोळ्यांचा नवा घुमट होतो. म्हणजे मला जे दिसते, ते त्या टिकलीइतकेच माझ्या डोळ्यांतल्या पाण्यामुळे दिसते. नगरपालिकेच्या खड्ड्यांची इतकी उदात्त सेवा दुसऱ्या कोणी करून घेतली असेल असे मला वाटत नाही.

वडिलांनी कचेरीच्या पतपेढीतून कर्ज काढले आणि १९८६ च्या जूनमध्ये मी लेन्स बसवून घ्यायला गेलो. 'बसवून घेणे' हा शब्द दाताला शोभतो. पण इथेही तसाच प्रकार असतो. डॉक्टरांकडे निरनिराळ्या बाकाच्या लेन्सची एक पेटी असते. एकेक डोळ्यांत घालायची, मग डोळ्यांत नारिंगी रंगाचा एक थेंब सोडायचा आणि निळ्या दिव्यात पाहायचे. तो रंग अश्रूंत मिसळून हिरवागार चमकतो. जिथे पाणी जास्त तिथे हिरवे गडद, जिथे लेन्स टेकली तिथे काळे. ती हिरवळ मनासारखी दिसेपर्यंत ही घाल, ती काढ. कॉर्निया ही शरीरातल्या सर्वांत हळव्या जागांपैकी एक. पापणीचा एक केस गेला तरी माणूस कासावीस होतो. इथे सबंध बटण घालायचे होते! पहिली लेन्स बसली तेव्हा मला वाटले, डोळ्यांत कोणी खडीसाखर फोडते आहे. डोळ्यांतून धारा लागल्या. मी मान वर करून, दात आवळून, ट्यूबलाइटकडे पाहत बसलो. अर्ध्या तासाने धारा थांबल्या, आणि डॉक्टर म्हणाले, "आता समोर बघ."

समोरच्या बाकावर आई बसली होती.

तिच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते. कपाळावर, कुंकवाच्या वर, बारीक आडव्या रेघा होत्या. लुगड्याच्या पदराला खांद्यापाशी रफू केले होते, आणि ते रफू इतके नाजूक होते की त्याचा एकेक टाका मला मोजता येत होता. गेल्या दोन वर्षांत मला आईचा आवाज येत होता, हात लागत होता, भाकरीचा वास येत होता. पण आई म्हातारी होऊ लागल्याचे मला कोणी सांगितलेच नव्हते. मी काहीच बोलेना, तेव्हा ती घाबरून म्हणाली, "दिसतंय ना रे?" मी म्हटले, "दिसतंय." माझे डोळे पुन्हा वाहू लागले, आणि डॉक्टर म्हणाले, "होतं असं पहिल्या दिवशी, खुपतं थोडं."

पहिल्या दिवशी दोन तास, दुसऱ्या दिवशी तीन, असे हळूहळू वाढवत न्यायचे असते. तो महिना मी डोळे गाळीत हिंडलो. चर्नी रोड स्टेशनवर एका अनोळखी म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या पाठीवर हात ठेवून "कोण गेलं?" असे हलक्या आवाजात विचारले होते. कोणी गेले नव्हते. सगळेच नव्याने येत होते. बसच्या पाट्या आल्या, दुकानांवरची नावे आली, आणि सहाच्या ठिकाणी एकच चंद्र आला. पाच चंद्र गेल्याचे थोडे चुकल्यासारखे वाटले, एवढेच.

पुढे बँकेत लागल्यावर मी या वस्तूचा इतिहास हौसेने वाचून काढला, आणि मला एक समाधान मिळाले. कॉन्टॅक्ट लेन्स नटण्यामुरडण्यासाठी जन्मलीच नाही! १८८८ साली पॅरिसमध्ये युजीन काल्त नावाच्या डॉक्टराने काचेच्या वाट्या रोग्यांच्या डोळ्यांवर बसवल्या, त्या माझ्यासारख्याच कळसवाल्या डोळ्यांवर. त्याच वर्षी झुरिकमध्ये अडॉल्फ फिक याने आपल्या काचेच्या लेन्सविषयी लेख लिहिला. त्याने त्या आधी सशाच्या डोळ्यांत घालून पाहिल्या आणि मग स्वतःच्या. दुसऱ्याच वर्षी कीलच्या विद्यापीठात ऑगस्ट म्यूलर या विद्यार्थ्याने स्वतःच्या जबर नंबरासाठी लेन्स बनवून त्यावर प्रबंध लिहिला. त्याला म्हणे ती डोळ्यांत अर्ध्या तासापलीकडे सोसत नसे, आणि त्यासाठीही आधी कोकेन घालून डोळा बधिर करावा लागे. हे वाचल्यापासून माझ्या त्या वाहत्या महिन्याविषयी मी फारसे बोलत नाही. नटवी मंडळी आली ती पुष्कळ नंतर. १९४८ साली अमेरिकेत केव्हिन टूही या चष्मेवाल्याने प्लॅस्टिकची, फक्त बुबुळापुरती लहान लेन्स काढली. कातकामात मोठ्या लेन्सची कड तुटली, आणि उरलेला मधला तुकडा त्याने सहज स्वतःच्या डोळ्यांत घालून पाहिला, अशी गोष्ट सांगतात. आत्याबाईंना हे सगळे सांगायला हवे होते. पण तोपर्यंत त्या मठ्ठ्याकडे वळल्या होत्या.

माझी पहिली जोडी त्याच जुन्या प्लॅस्टिकची होती. त्या प्लॅस्टिकचा एक दुर्गुण असा की त्यातून हवा जात नाही. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात; असत्या तर तो पारदर्शक कसा राहता? त्यामुळे त्याला प्राणवायू लागतो तो बाहेरच्या हवेतून, अश्रूंत विरघळून आलेला. त्यावर असे घट्ट झाकण ठेवले की संध्याकाळपर्यंत तो बिचारा गुदमरून सुजतो. रात्री घरी परतताना रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती मला इंद्रधनुष्याचे कडे दिसे. १९७० च्या दशकात सिलिकॉन मिसळून हवा आरपार जाऊ देणारे कडक प्लॅस्टिक निघाले; माझ्या डोळ्यांपर्यंत ते १९९३ साली पोहोचले, आणि दिव्यांची कडी गेली. आज कडक लेन्स म्हणून जी मिळते, ती बहुतेक याच जातीची.

कडक लेन्सचा खरा वैरी म्हणजे धूळ. मऊ लेन्सखाली धूळ सहसा शिरत नाही. आमची लेन्स मात्र पापणी मिटली की वरखाली सरकते, आणि तिच्या कडेखालून कण आत गेला की भर बाजारात माणसाचा पुतळा होतो. लोकलच्या दारात उभे राहून वारा खाण्याचे सुख मी आयुष्यात घेतलेले नाही. मी नेहमी आत, मधल्या गर्दीत, कोणाच्या तरी काखेखाली. तरीही कधी कण जातोच, आणि मग डोळ्याचा बाहेरचा कोपरा बोटाने ताणायचा, पापणी मारायची, आणि खाली धरलेल्या ओंजळीत लेन्स टिपायची. हे करताना मला प्रथमच पाहणाऱ्या एका सहप्रवाशाने "अहो, यांचा डोळा पडला!" अशी आरोळी ठोकली होती.

पण ओंजळ चुकली तर? आमच्या घरात "कोणी हलू नका!" हे वाक्य दारावरच्या घंटेइतके ओळखीचे आहे. ते ऐकले की जो जिथे असेल तिथे थिजतो. एकदा दूधवाला दारात पाच मिनिटे एका पायावर उभा होता. मग जमिनीला गाल लावून, विजेरी आडवी धरून शोध सुरू होतो. आडव्या प्रकाशात लेन्स चमकते.

या सगळ्या शोधांत थोर शोध माझ्या लग्नातला. त्याआधी, मुलगी पाहायला गेलो तेव्हाचे सांगतो. माझ्या वडिलांनी पोहे येण्यापूर्वीच दुखण्याचे नाव, गाव आणि पुढची शक्यता सगळी सांगून टाकली होती. खोलीत शांतता पसरली. मुलीच्या काकांनी घसा साफ केला. तेव्हा मुलीनेच मला विचारले, "त्या काढल्यावर मी कशी दिसेन?" मी म्हटले, "तीन-चार दिसाल." ती म्हणाली, "मग पोहे जास्त करायला हवे होते." लग्न तिथेच ठरले, असे मी समजतो, काकांना आणखी पंधरा दिवस लागले.

१९९५ च्या मेमध्ये लग्न. अंतरपाट दूर झाला, आणि चार दिशांनी अक्षतांचा मारा सुरू झाला. आमच्याकडचे काही उत्साही लोक अक्षता टाकत नाहीत, झोडतात. एक मूठ थेट डोळ्यांवर आली, मी पापण्या मारल्या, आणि उजवी लेन्स गेली. हार हातात, समोर एका डोळ्याला एक बायको आणि दुसऱ्याला चार, आणि मी भर मांडवात ओरडलो, "कोणी हलू नका!" भटजी थांबले. बँडवाला मात्र थांबला नाही. त्याला ऐकू गेले नव्हते.

कुंकवाने माखलेल्या तांदळांच्या थरात एक फिकट निळी टिकली शोधायची होती. तरुण मंडळी विजेऱ्या घेऊन धावली. पण तिथे आडव्या प्रकाशात हरेक दाणाच चमकत होता. तेव्हा माझ्या आजेसासूबाई पुढे झाल्या. वय ऐंशीच्या वर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी बोहल्यावरच्या सगळ्या अक्षता केरसुणीने हलकेच गोळा करवल्या, सूप मागवले, आणि तिथेच मांडी घालून बसल्या. डोळे जवळजवळ मिटलेले, बोटे तांदळांतून फिरत होती. चौथ्या सुपात त्यांनी चिमूट उचलली. "हे बघ काय आहे. तांदळातला खडा ओळखायला डोळे कशाला लागतात?" त्यांनी चिमूट पुढे केली. चिमटीत माझा उजवा डोळा होता. औषधाच्या पाण्याने तो धुऊन घालीपर्यंत मुहूर्त टळला की नाही, यावर दोन्ही घरांत अजून वाद आहे.

संसारात या लेन्सनी आम्हांला काही शिस्त लावली. रात्री दहाला त्या डबीत जातात. नळाच्या पाण्याने धुवायच्या नाहीत, कारण त्या पाण्यात असा एक सूक्ष्म जीव असू शकतो की जो कॉर्नियात घुसला तर डोळा घालवू शकतो. थुंकी लावून तर मुळीच घालायच्या नाहीत. डोळा लाल दिसला की घालायच्याच नाहीत. दहानंतरचा तास माझा धुक्याचा. त्या तासात बायको मला वर्तमानपत्र वाचून दाखवते, आणि त्यात ती कोणत्या बातम्या गाळते हे मला अजून कळलेले नाही. मुलगी शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला नेमकी सव्वादहाला येई.

त्याच मुलीला २०१४ साली, पंधराव्या वर्षी, अभ्यास करता करता मुठी वळून डोळे चोळताना मी पाहिले. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. हे दुखणे काही घराण्यांतून खाली येते, हे मला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलो. आता वर्तुळांची थाळी राहिलेली नाही. यंत्र क्षणात कॉर्नियाचा रंगीत नकाशा काढते. सपाट तिथे निळा, चढ तिथे तांबडा. तिच्या डाव्या डोळ्यांच्या नकाशात खालच्या बाजूला एक लहानसा तांबडा डाग होता. तो डाग मला इतका ओळखीचा वाटला की जणू आमचे आडनावच तिथे लिहिले आहे. सहा महिन्यांनी पाहिले तर तो वाढला होता.

पण १९८६ आणि २०१५ यांत एक मोठा फरक पडला होता. जर्मनीत ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी एक उपाय शोधला होता, आणि त्याचे पहिले निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. कॉर्नियावरचा अगदी वरचा पापुद्रा काढायचा, त्यावर रायबोफ्लेविनचे, म्हणजे आपल्या ब-दोन जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब अर्धा तास घालायचे, आणि मग त्यावर अतिनील किरण सोडायचे. त्याने कॉर्नियातले धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात आणि कळस वाढायचा थांबतो. झालेला कळस सहसा तसाच राहतो, पण पुढचा मजला चढत नाही. तिच्यावर हा उपचार झाला तेव्हा बाहेरच्या बाकावर मी बसलो होतो. आई ज्या तऱ्हेने बसली असेल, त्याच तऱ्हेने. त्या रात्री पोरीला फार दुखले. जखम झाकायला डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांवर मलमपट्टी म्हणून मऊ लेन्स ठेवली होती. मऊ पंथाचा आमच्या घरात प्रवेश झाला तो असा, आणि त्या रात्री मी त्या पंथाविषयीचे माझे सगळे टोमणे मागे घेतले.

तिचा नकाशा गेली कित्येक वर्षे जिथल्या तिथे आहे. ती साधा चष्मा लावते. चष्म्यात ती इतकी छान दिसते की काय सांगू!

आम्ही मुंबईत होतो, मला ओळखीचे दुखणे ओळखता आले, म्हणून हे झाले. २००९ साली नागपूरकडच्या खेड्यांतली एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात तिशी ओलांडलेल्या शंभर माणसांत दोघांहून अधिकांच्या कॉर्नियाचा बाक या दुखण्याच्या मापात बसणारा निघाला. त्यांतली किती जण शाळेत असताना फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मागच्या बाकावर 'ढ' ठरली असतील, आणि कितींच्या हाती नुसती गाजरे पडली असतील! आपल्या घरात एखादे पोर सारखे डोळे चोळत असेल आणि त्याचा नंबर, विशेषतः तिरपा नंबर, सारखा बदलत असेल, तर वाचकांनी फराळ झाल्यावर एवढे एक काम करावे: त्याच्या कॉर्नियाचा नकाशा काढून घ्यावा.

माझे म्हणाल तर चाळिशी लागल्यापासून जवळचे वाचायला लेन्सवर आणखी चष्मा लागतो, त्यामुळे दोन्ही पंथ सोडून मी तिसऱ्याच घरात पोहोचलो आहे. उजव्या डोळ्यांच्या कळसावर लहान लेन्स घासू लागली, म्हणून २०२३ साली डॉक्टरांनी त्या डोळ्यासाठी नव्या तऱ्हेची मोठी लेन्स दिली. ही कडक असली तरी बुबुळाला शिवत नाही; कमानीसारखी वरून जाते आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर टेकते. आत धूळ जात नाही, अक्षतांनी पडत नाही. मधल्या पोकळीत खारे पाणी भरायचे. फिकने १८८८ साली केले ते हेच. त्याने द्राक्षशर्करेचे पाणी भरले होते, एवढाच फरक. सव्वाशेहून अधिक वर्षे हिंडून विद्या पुन्हा त्याच वाटीपाशी आली.

ती घालण्याचा विधी मात्र कडक आहे. वाटी काठोकाठ भरून रबरी दांडीवर धरायची आणि आपण तिच्यावर ओणवे व्हायचे, चेहरा अगदी जमिनीशी समांतर. थेंब सांडला, आत बुडबुडा राहिला, की पुन्हा पहिल्यापासून. रोज सकाळी टेबलापाशी मी असा कमरेत वाकून उभा असतो, आणि बायको मागून चहा घेऊन जाता जाता म्हणते, "चला, या निमित्ताने का होईना, कोणापुढे तरी मान खाली घालता."